स्प्लेंडरची बॅटरी सारखी उतरतेय? कॉइल बदलायच्या आधी अर्थिंग बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. 2003 ची स्प्लेंडर, किकवाली, दीड वर्षात तिसरी बॅटरी, सकाळी हॉर्न नुसता घरघरतो, गाडी मात्र एका किकला चालू होते, इंडिकेटर टाकला की हेडलाईटपण त्याच तालावर लुकलुकतो, मेकॅनिक म्हणतोय मॅग्नेटची (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारं चुंबक) कॉइल प्लेट बदला, आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की मागच्या दिवाळीला गाडी पूर्ण खोलून कलर करून घेतली.

तुम्ही ती कलरची गोष्ट सहज लिहिलीत पण मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली. कॉइल प्लेट अजून घेऊ नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

या जुन्या स्प्लेंडरमध्ये वीज दोन वाटांनी जाते. मॅग्नेटच्या आतल्या कॉइलमधून पांढरी वायर येते ती रेग्युलेटरमधून (व्होल्ट आवरणारा डबा, आपल्याकडे आरआर युनिट म्हणतात) बॅटरी चार्ज करते, आणि पिवळी वायर येते ती हेडलाईटला एसी करंट देते, बॅटरीशी तिचा संबंध नाही. स्पार्कसाठी कॉइल परत वेगळी, म्हणून बॅटरी मेलेली असली तरी गाडी किकला चालू होते आणि लोक महिनोन् महिने तशीच चालवतात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट, न्यूट्रलचा दिवा हे बॅटरीवर. आता बघा, इंडिकेटर बॅटरीवर आणि हेडलाईट मॅग्नेटवर, मग इंडिकेटर लुकलुकताना हेडलाईटने का हलावं? दोघांचा करंट यायची वाट वेगळी आहे, परत जायची वाट मात्र एकच, हिरवी वायर, म्हणजे अर्थ. तिथे सांधा खराब असला की एकाचा करंट वाढला की दुसऱ्याला धक्का बसतो. कॉइल जळाली असती तर हेडलाईट कायमचा मंद झाला असता, इंडिकेटरच्या तालावर नाचला नसता.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमचं गाव माण तालुक्यात, वडिलांची 2002 ची स्प्लेंडर, पहाटे दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जायचं हे तिचं वीस वर्षांचं काम. बहिणीच्या लग्नाआधी मी हौसेने फ्रेमपासून कलर करून घेतली, गाडी नव्यासारखी दिसायला लागली आणि तीन-चार महिन्यांनी हॉर्न बसला. बॅटरी बदलली, परत बसला. मग रेग्युलेटर बदलला. मग दुसरी बॅटरी. वडील अंधारात वळणावर हॉर्नशिवाय जायचे आणि मला घरी झोप लागायची नाही, कारण आमच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर बिनलाईटचे समोर येतात. शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने, जो फक्त वायरिंगचंच काम करायचा, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून दाखवली. इंजिन चालू असताना तिथे दीड व्होल्ट दिसत होते. तिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे. अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नव्या कलरवर आवळलेलं होतं, खाली धातू लागतच नव्हता, करंट कसाबसा बोल्टच्या आट्यांमधून जात होता. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा कलर खरडला, थिंबल घासलं, आवळलं, वरून ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. ती बॅटरी पुढे जवळपास चार वर्षं चालली.

तर तुम्ही आधी दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर घ्या, साधा चालेल. आणि पहिलं काम म्हणजे बॅटरी काढून बाहेर फुल चार्ज करून आणा, हे लोक टाळतात आणि मग सगळे आकडे चुकतात कारण मेलेली बॅटरी लावून चार्जिंग तपासलं तर चांगली गाडीसुद्धा नापास होते. तुमची 2.5 एएचची बॅटरी आहे, तिला पाव अँपिअरने दहा-बारा तास चार्ज करायला सांगा, कारच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात उकळून देणारे असतात त्यांच्याकडे देऊ नका, प्लेटा वाकतात. पाणी बघा, वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये पाहिजे, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी अजिबात नको. चार्ज करून आणल्यावर तीन-चार तास तशीच ठेवून मोजा, 12.6 किंवा वर पाहिजे. गाडीला लावून इग्निशन चालू करा आणि हॉर्न दाबून धरून मोजा, साडेदहा-अकराच्या खाली गडगडली तर ती बॅटरी आतून गेली, तिच्यावर वेळ घालवू नका.

मग इंजिन चालू करून (गाडी बाहेर काढा, बंद पडवीत धूर कोंडतो) बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर डीसी 20 वर (बॅटरीचा सरळ करंट, 20 व्होल्टपर्यंत) लावा. स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नाही, म्हणून अंदाज असा, चौथ्या गिअरला पन्नासने जाताना इंजिनचा जसा आवाज येतो तेवढी रेस द्या. साडेतेरा ते साडेचौदा दिसलं तर चार्जिंग ठीक आहे आणि चोर दुसरीकडे आहे. रेस दिली तरी बारा-साडेबारावरच अडकलं तर चार्जिंग पोचत नाही. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, अशा गाडीत बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, आंबट वास येतो आणि बल्ब उडत राहतात.

आता मुख्य मोजमाप. इंजिन त्याच रेसवर, हेडलाईट चालू, मीटर डीसीवरच. एक पिन बॅटरीच्या मायनस टोकावर, दुसरी इंजिनच्या एखाद्या स्वच्छ बोल्टवर, कलरवर नाही. 0.1-0.2 पर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तुमचा फॉल्ट सापडला. तसंच प्लसच्या बाजूनेही करा, एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी रेग्युलेटरच्या लाल वायरीला सॉकेटच्या मागून घुसवून, इथेही जवळजवळ शून्यच पाहिजे, नाहीतर सॉकेटची पिन काळी पडलेली असेल किंवा फ्यूजच्या डबीत गंज असेल. फ्यूज डोळ्याला अखंड दिसतो आणि त्याच्या क्लिपा आतून हिरव्या झालेल्या असतात, हे मी स्वतः दोनदा पाहिलंय. 

खरडायची जागा म्हणजे वायरिंगची हिरवी वायर जिथे थिंबलने फ्रेमला आवळलीय ती, आणि जमलं तर इंजिन फ्रेमला जोडणाऱ्या एका बोल्टखालचा कलरही. खात्री करायची असेल तर खरडायच्या आधी एक जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बोल्टला तात्पुरती लावा आणि इंडिकेटर टाका. हेडलाईट नाचायचा थांबला की समजा तेच होतं. बॅटरीचा हवेचा बारीक पाईप पण बघा, कलर करताना तो बऱ्याचदा दाबला जातो किंवा निघून लोंबतो, मग ॲसिडची वाफ तिथल्याच थिंबलावर बसते आणि पांढरी-हिरवी भुकटी धरते. खायच्या सोड्याचं पाणी टाकून धुवा, साध्या पाण्याने परत धुवा, वाळवा.

अर्थ ठीक, म्हणजे 0.2 च्या आत आला तरच कॉइलकडे जा. आणि इथे एक चूक खूप लोक करतात म्हणून मुद्दाम लिहितो. व्हिडिओत दाखवतात की कॉइलची वायर आणि बॉडी यांच्यात मीटर वाजला तर कॉइल शॉर्ट. ते तीन सारख्या वायरींच्या थ्री-फेज गाड्यांसाठी आहे, तिथे कॉइल बॉडीला लागायलाच नको. आपल्या स्प्लेंडरच्या कॉइलचं एक टोक मुळातच बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे चांगल्या कॉइललाही मीटर वाजणारच, आणि नुसतं तेवढ्यावर चांगल्या प्लेटा भंगारात गेल्यात. तुमच्या मेकॅनिकला विचारा त्याने कॉइल कशी तपासली, रागाने नाही, सरळ विचारा. बरोबर पद्धत म्हणजे मॅग्नेटकडून येणारा सॉकेट काढून, मीटर एसीवर करून, पांढरी वायर आणि बॉडी यांच्यात मोजायचं. रेस वाढेल तसे व्होल्ट चढत गेले पाहिजेत. रेस देऊनही पाच-सात व्होल्टवरच बसले तर कॉइल गेली किंवा मॅग्नेट सैल झालं. कॉइल चांगली, अर्थ चांगला, लाल वायर चांगली आणि तरी चार्जिंग नाही, मगच रेग्युलेटर. रेग्युलेटर मीटरने तपासायच्या भानगडीत मी पडत नाही, आतल्या सर्किटमुळे स्वस्त मीटर काहीही दाखवतो, ओळखीच्या चालू गाडीचा काढून लावून बघणं जास्त भरवशाचं.

चार्जिंग ठीक येऊनही बॅटरी उतरत असेल तर ब्रेक लाईट बघा. मागच्या ब्रेकचा स्विच जरा ताणलेला असला की पाय न लावताही दिवा जळत राहतो, आणि तो वीस-एकवीस वॅटचा बल्ब म्हणजे पावणेदोन अँपिअर, एवढी ओढ ती बॅटरी झेलूच शकत नाही. तसंच कुणी हेडलाईट एलईडी करून किंवा 35 वॅटचाच बल्ब ठेवून बॅटरीवर जोडून दिला असेल तर तो परत एसीवर घ्या, 35 वॅट म्हणजे तीन अँपिअर, आणि या गाडीचं चार्जिंग त्यासाठी बनवलेलंच नाही. मग कितीही चांगली बॅटरी आणा, सहा महिन्यात तेच. मोबाईल चार्जर लावला असेल तर तो इग्निशनच्या मागून (म्हणजे चावी बंद की तोही बंद) घेतलाय की थेट बॅटरीवरून तेही बघा.

आणि एक, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "गाडी चालू राहते का बघू" असं कुणी म्हणालं तर करू देऊ नका. बॅटरी नसताना व्होल्ट उसळतात, बल्ब आणि रेग्युलेटर एका झटक्यात जातात. काम करताना आधी मायनस काढा आणि लावताना मायनस शेवटी.

आज रात्री बॅटरी चार्जिंगला लावा. मग मला चार आकडे इथेच लिहा: इंजिन बंद असताना बॅटरी किती, रेसवर किती, मायनस ते इंजिन किती, आणि प्लस ते रेग्युलेटरची लाल वायर किती. तिसरा आकडा अर्ध्याच्या वर आला तर थेट पॉलिश पेपर घेऊन बसा, माझ्या उत्तराची वाट बघू नका.