व्हर्च्युअलबॉक्समधला उबुंटू सुरू होत नाही, आतल्या फाइली पुसूनही सी ड्राइव्ह भरलेलाच दिसतो. पुन्हा इन्स्टॉल करू का?

नका करू. आणि त्या मशीनच्या (व्हर्च्युअलबॉक्स विंडोजच्या आत जो आभासी कॉम्प्युटर चालवतो, ज्यात तुमची उबुंटू ही लिनक्स सिस्टिम आहे, त्याच्या) फोल्डरमधली एकही फाइल आत्ता डिलीट करू नका, ती कितीही निरुपयोगी वाटली तरी. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमचा प्रोजेक्ट आत शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे.

तुम्ही म्हणता तुमच्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी आहे, सी ड्राइव्हवर जेमतेम २ जीबी उरलेत, उबुंटूची व्हीडीआय फाइल (त्याची अख्खी डिस्क जिच्यात साठवलेली असते ती) ७१ जीबीची झाली आहे आणि उबुंटूच्या आत मात्र २२ जीबीच वापरलेले दिसत होते. मग एक दिवस डिस्क भरल्याचा संदेश आला, तुम्ही मशीन ‘पॉवर ऑफ’ केलं, आणि तेव्हापासून काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ (उबुंटू पूर्ण सुरू होण्याआधीचा तात्पुरता टप्पा) येऊन थांबतं.

इथे दोन वेगवेगळ्या जागा आहेत, त्यांची गल्लत होते. एक उबुंटूला दिसणारी डिस्क, दुसरी विंडोजवर पडलेली तिची फाइल. डायनॅमिक प्रकारची फाइल आत लिहिलं जाईल तशी वाढत जाते, पण आपोआप लहान होत नाही. उबुंटूत तुम्ही फाइल पुसता तेव्हा वहीच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं, पानं तशीच राहतात. व्हर्च्युअलबॉक्सला ती पानं भरलेलीच दिसतात. म्हणून आत २२ आणि बाहेर ७१. डिस्कची मर्यादा वाढवण्याचे सल्ले तुम्हाला मिळाले असतील, त्यांचा इथे काही उपयोग नाही. तुमची आतली डिस्क भरलेलीच नव्हती, बाहेरची एसएसडी भरली होती.

तो संदेश पुढे कधी आला तर एवढं ध्यानात असू द्या. एसएसडी भरली की व्हर्च्युअलबॉक्स मशीन बंद पाडत नाही, जागच्या जागी थांबवतो. उबुंटूने लिहायला घेतलेलं सगळं तेव्हा मेमरीत असतं. विंडोजवरचं डाउनलोड्सचं फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करायचं, चार-पाच जीबी मोकळे झाले की मशीन पुन्हा चालू करायचं. ते थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. पॉवर ऑफ करणं म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर ओढणं. उबुंटूची डिस्क ज्या ईएक्सटी४ पद्धतीने फाइली ठेवते तिला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, असतं, त्यामुळे बहुतेक वेळा निभावतं. तुमच्या वेळी निभावलं नाही, एवढंच.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, प्रत. बाहेरची हार्डडिस्क जोडा आणि मशीन पूर्ण बंद असताना त्याचं अख्खं फोल्डर कॉपी करा, फक्त व्हीडीआय नाही. हार्डडिस्क एफएटी३२ फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसणारच नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. कॉपी मध्येच अडकली किंवा वाचता येत नाही असं विंडोज म्हणालं, तर दुखणं व्हर्च्युअल डिस्कचं नसून तुमच्या खऱ्या एसएसडीचं असू शकतं. तसं झालं तर पुढचं काही करू नका, आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने तिची तब्येत बघा.

त्या फोल्डरात ‘स्नॅपशॉट्स’ नावाचं आणखी एक फोल्डर आहे का? (स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं.) याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझं नुकसान इथेच झालं. एमसीएच्या शेवटच्या वर्षी माझाही लॅपटॉप असाच भरला होता. शोधताना स्नॅपशॉट्समध्ये ३४ जीबीची एक फाइल सापडली, महिरपी कंसात आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ असलेल्या नावाची. मुख्य व्हीडीआय तर बाहेर नीट दिसत होती, म्हणून मला वाटलं हा जुना बॅकअप. फाइल रिसायकल बिनमध्ये मावत नाही, कायमची काढू का, असं विंडोजने विचारलं. मी ‘हो’ दाबलं. मशीन उघडेना, तेव्हा नवं मशीन बनवून जुनी व्हीडीआय त्याला जोडली. उबुंटू छान सुरू झाला. प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं तर सगळ्यात अलीकडची फाइल गणपतीच्या आधीची होती, आणि तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी मूळ व्हीडीआय गोठते. त्यानंतरचं प्रत्येक अक्षर त्या लांब नावाच्या फाइलमध्ये जातं. म्हणजे तो बॅकअप नव्हता, माझं दोन-अडीच महिन्यांचं काम होतं. स्नॅपशॉट काढायचाच तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतूनच काढायचा. तिथल्या ‘डिलीट’चा अर्थ प्रत्यक्षात ‘विलीन कर’ असा आहे, त्याला काही काळ जास्तीची जागा लागते आणि वेळही बराच जातो. टक्के सरकत नाहीत म्हणून मध्येच बंद करू नका. २ जीबी मोकळ्या जागेवर तर हे सुरूच करू नका.

प्रत झाली आणि सी ड्राइव्हवर थोडी जागा केली की मशीन सुरू करा. काळ्या पडद्यावर ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. कोणत्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) घोटाळा आहे ते तिथे छापून येतं, बहुधा ‘एसडीए’ आणि पुढे एक आकडा. मग डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड टाइप करा: ‘एफएससीके’, जागा सोडून ‘डॅश वाय’, पुन्हा जागा सोडून त्या पार्टिशनचा पूर्ण पत्ता. ‘वाय’मुळे प्रत्येक प्रश्नाला आपोआप हो म्हटलं जातं, हातात प्रत आहे म्हणूनच मी ते सुचवतोय. संपलं की पुन्हा ‘एक्झिट’. उबुंटू सुरू झाल्यावर एखादी फाइल सापडली नाही तर ‘लॉस्ट अँड फाउंड’चं फोल्डर बघा, बेवारस तुकडे तिथे आकड्यांच्या नावाने ठेवलेले असतात.

सुरू झालं की आधी प्रोजेक्ट बाहेर काढा. बाकी सगळं नंतर.

राहिला व्हीडीआयचा फुगवटा. यासाठी उबुंटूची आयएसओ (इन्स्टॉल करताना वापरतात ती फाइल) मशीनच्या सीडी ड्राइव्हला लावून ‘ट्राय’ पर्यायाने सुरू करा, म्हणजे आतलं पार्टिशन वापरात नसेल. तिथे ‘झीरोफ्री’ हा छोटा प्रोग्राम इन्स्टॉल करून त्या पार्टिशनवर चालवा. मोकळ्या जागेत जिथे जुना मजकूर उरलाय तिथेच तो शून्यं लिहितो, आधीच शून्य असलेल्या जागेला हात लावत नाही. अख्खी डिस्क शून्यांच्या एका मोठ्या फाइलने भरण्यापेक्षा मला हाच मार्ग बरा वाटतो. मशीन बंद करून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क’, पुढे व्हीडीआयचा पत्ता आणि शेवटी दोन डॅश लावून ‘कॉम्पॅक्ट’. स्नॅपशॉट असतील तर मात्र ते आधी विलीन केलेले हवेत, नाहीतर मूळ फाइल आवळून फारसं काही हाती लागत नाही. फाइल २२-२५ जीबीच्या आसपास यायला हवी.

एक सावधगिरी: ती प्रत पुढे त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडायला गेलात तर हा यूयूआयडी आधीच आहे अशी तक्रार येईल. प्रत खराब नसते, दोन्ही फाइलींवर ओळखक्रमांक एकच असतो. त्यासाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा किंवा मूळ मशीन व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतून काढा. काढताना ‘रिमूव्ह ओन्ली’ निवडा, सगळ्या फाइली पुसण्याचा पर्याय त्याच्या शेजारीच असतो.

पहिल्या ‘एक्झिट’नंतर पडद्यावर जे छापून येईल त्याचा फोटो इथे टाका. पार्टिशनचं नाव ‘एसडीए’ऐवजी ‘मॅपर’ने सुरू होत असेल तर बहुधा एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडण्याची वेगळी पद्धत) आहे, मग पत्ता थोडा वेगळा द्यावा लागेल, तो मी लिहून देतो.