स्कॅनसाठी अँटीबॉडीला झर्कोनियम-८९ (किरणोत्सारी धातू) जोडायचंय, सगळ्यात पक्का कीलेटर (धातूला धरून ठेवणारा रेणू) कोणता? डोटा की डीएफओ?

सगळे ‘पक्का कोणता’ हेच विचारतात. तो अँटीबॉडीवर कुठे आणि किती बसला, हे कुणी विचारत नाही. यावरून माझं आमच्या एका सीनियरशी चांगलंच वाजलं होतं.

डीएफओचं आयसोथायोसायनेट टोक लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं. अँटीबॉडीत लायसिन ढिगानं, त्यामुळे नेमका कुठल्यावर बसेल याचा भरवसा नाही. अँटीबॉडी लक्ष्याला जिथे धरते, त्या बाइंडिंगच्या जागेवरही बसेल. तरी साहेबांनी कीलेटर भरमसाट घालायला लावला, का तर यील्ड, म्हणजे अँटीबॉडीवर बसलेल्या धातूचं प्रमाण, वाढतं. वाढलंच. ईडीटीएमध्ये (हा सुटा धातू धरून वर नेतो) चढवलेल्या टीएलसीच्या, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या, पट्टीवर जवळपास सगळी ॲक्टिव्हिटी (किरणोत्सार) खालच्या, अँटीबॉडीच्या ठिपक्यावर. सुटं झर्कोनियम वर सरकतं, ते नावालाच. साहेब खूश. मी म्हटलं, गुठळ्या झालेली अँटीबॉडीसुद्धा त्याच ठिपक्यावर बसून राहते, पट्टीला काय कळतंय? आधी पेशींवर बाइंडिंग बघू, साइझ एक्सक्लुजन कॉलमवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीत, चालवू. तर म्हणे, ‘वेळ कुठाय, आयसोटोप विझत चाललाय!’ अहो, अर्धायुष्य ७८ तासांचं! फ्लोरिन-१८ असतं, ११० मिनिटांचं, तर एक वेळ ऐकून घेतलं असतं.

उंदरांच्या स्कॅनमध्ये यकृत झगझगीत, कॅन्सरची गाठ फिकट. मग खापर उंदरांवर.

बरं, तुमचं. डोटा झर्कोनियमला धरतो खूप घट्ट, पण त्यासाठी ९० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्या तापमानाला अँटीबॉडीचं काय होतं ते सांगायला नको. म्हणजे अँटीबॉडीवर आधी डोटा बसवून मग धातू भरायचा बेत सोडा. डीएफओ साध्या तापमानाला काम करतो, पण त्याच्याकडे धातू धरणारे ऑक्सिजन सहाच आणि झर्कोनियमला हवेत आठ. उंदरांत थोडं सुटतं आणि हाडांत जाऊन बसतं. आठ ऑक्सिजनवाला डीएफओ-स्टार मिळाला तर तोच घ्या.

आणि एका अँटीबॉडीमागे एक-दोन कीलेटर पुरे. यील्ड पडलं तर पडू दे, सुटा धातू कॉलमवर काढून टाकता येतो. मेलेली अँटीबॉडी कुठल्याच कॉलमवर जिवंत होत नाही. हे त्या साहेबांना आजही पटणार नाही.

हां, तुमच्या अँटीबॉडीच्या बाइंडिंगच्या जागेत लायसिनच नसेल, तर थोडे जास्त कीलेटर चालून जातील. गुठळ्या मात्र तरीही तपासा.