जनुक शाबूत आहे, पण गप्प आहे

प्रश्न : आईच्या स्तनातली गाठ ईआर-पॉझिटिव्ह होती. तीन वर्षांनी मेंदूतली गाठ काढली, ती ईआर-निगेटिव्ह निघाली. कुठला रिपोर्ट चुकला?

बहुधा कुठलाच नाही. पसरता पसरता कर्करोगाच्या पेशी बदलतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पकडणारं प्रथिन. त्याचं जनुक पेशीत असतं, पण ते जिथून चालू होतं त्या भागावर मिथाइल गट चिकटत जातात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा तो गट! त्यांची दाटी झाली की तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि जनुक वाचलंच जात नाही. डीएनएचं अक्षर मात्र एकही बदललेलं नसतं. रिसेप्टर नाहीसा होण्याचं हे एक कारण. म्हणूनच मेंदूतल्या गाठीच्या तुकड्यावर ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा रिसेप्टर) आणि हर-टू (वाढीचा संदेश घेणारं प्रथिन) पुन्हा तपासायला हवेत. नुसत्या जुन्या रिपोर्टवर पुढचे उपचार ठरवू देऊ नका.

प्रश्न : मेंदूत असं काय आहे, की पेशी तिथे तग धरतात?

२०१५ साली प्रसिद्ध झालेलं उंदरांवरचं एक संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं. पीटेन हे जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मेंदूत पोचल्या, की तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी सूक्ष्म पुड्यांमधून मायक्रोआरएनए (जनुकांना गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे) त्यांच्याकडे पाठवतात आणि पीटेन गप्प होतं. त्याच पेशी मेंदूबाहेर काढल्या, तर पीटेन परत बोलू लागतं. म्हणजे हा बदल कायमचा नाही, शेजाराने घडवलेला आहे. यात मला आशा दिसते.

प्रश्न : हे मुलीकडे जाईल का?

गाठीच्या पेशींत झालेला असा बदल तिच्याकडे जात नाही. बीआरसीए जनुकातला जन्मजात दोष ही वेगळी गोष्ट, तो स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. घरात तशी शंका असेल तर जनुकीय समुपदेशन घ्या.

प्रश्न : गप्प जनुक जागं करणारं औषध आहे का?

आहे, पण या आजारासाठी नाही. अ‍ॅझासायटिडिन मिथाइल गट कमी करतं. अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली, ती अस्थिमज्जेच्या विकारासाठी. ते एकच जनुक निवडून जागं करू शकत नाही, झोपलेलंच बरं असंही एखादं उठतं. मेंदूत पसरलेल्या आजारावर आज शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि गाठीच्या प्रकारानुसार औषधं यांचाच आधार आहे. हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर टुकॅटिनिबबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. ते मेंदूतल्या गाठींवरही काम करतं.