दीड भाकरीचा हिशेब

"कमी जेवलं की आयुष्य वाढतं, खरं का हो मॅडम?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. एका काकांनी तर सोबत वहीच आणली होती. वय 61, मुळातच सडपातळ, त्यात पाच महिन्यांत 9 किलो वजन उतरलेलं. वहीत रोजच्या भाकरीचं वजन, ग्रॅममध्ये. "सोनं तोलावं तशी तोलतात," काकू म्हणाल्या. हात गार, सतत चिडचिड, जिन्यात कठडा धरल्याशिवाय पाय उचलत नाही.

1935 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मॅके यांनी मोजकंच खायला दिलेले उंदीर जास्त जगले, हे काकांना तोंडपाठ. ते खरंच आहे. मी एवढंच विचारलं, "काका, उंदीर जगतो किती?"

दोन-तीन वर्षं. दुष्काळाचं एक वर्ष म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य गेलं. अशा वेळी पिल्लं घातली तर पिल्लंही जातात आणि आईही. म्हणून शरीर वीण थांबवून ती शक्ती स्वतःच्या डागडुजीला लावतं, पाऊसपाणी होईपर्यंत तग धरतं. उत्क्रांतीच्या अंगाने थॉमस कर्कवूड वगैरेंनी मांडलेला हा तर्क. सगळ्यांना तो मान्य नाही. काही जण म्हणतात, ही पिंजऱ्यातली चैन आहे, तिथे ना मांजर, ना थंडी, ना रोगराई. पण तर्क धरला तरी माणसाच्या सत्तर वर्षांत एक दुष्काळ म्हणजे कितीसा? उंदराएवढा लाभ आपल्या पदरात पडेल असं मानायला आधार नाही. माकडांवरच्या दोन मोठ्या प्रयोगांतही एकीकडे आयुष्य वाढलं, दुसरीकडे नाही. त्या दुसऱ्या ठिकाणी तुलनेला ठेवलेली माकडंही मापातच खात होती.

पोट सुटलेल्या माणसाला मी हे सांगत बसले नसते. त्याला दोन घास कमीच बरे. काकांचे मात्र स्नायू झडत होते, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

काका वही मिटून गप्प बसले. मग म्हणाले, "बाबा बासष्टाव्या वर्षी गेले."

पुढच्या चार भेटींत उंदरांचा विषय निघालाच नाही. वडिलांबद्दलच बोलत होते. पाचव्या भेटीला आल्या आल्या म्हणाले, "आता दीड भाकरी खातो."

"पावणेदोन," काकू पर्समध्ये रुमाल शोधत म्हणाल्या. "पाव मी ताटात न सांगता वाढते."