निवाड्यापासून मागे वाचत ये

प्रिय,

तुझं पत्र काल पोचलं. पहिल्यांदाच लवादाचं कलम, म्हणजे भांडण झालं तर ते न्यायालयाऐवजी खासगी पंचांकडे न्यायचं असं सांगणारं कलम, तुझ्या हाती आलंय आणि वरिष्ठ म्हणताहेत, "जुन्या करारातलं उचलून टाक, शेवटचंच तर कलम आहे." तसं करू नकोस. करार होताना दर, मुदती, दंड यांवर दिवसचे दिवस घासाघीस चालते आणि लवादाच्या कलमाची पाळी येईपर्यंत सगळे दमलेले असतात. पण भांडण पेटलं की दोन्हीकडचे वकील आधी तेच पान उघडतात.

मला हे ठेच लागून कळलं. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका यंत्रसामग्रीच्या करारात मी लिहिलं होतं, 'सुनावणी अमुक शहरात होईल.' लवादाची सीट कुठली, ते लिहिलंच नाही. मला दोन्ही एकच वाटायचं. सुनावणी कुठेही घेता येते, हॉटेलच्या खोलीत किंवा आता पडद्यावरही. सीट म्हणजे त्या लवादाचं कायद्यातलं घर. कुठल्या देशाचा लवाद कायदा लागू, आर्बिट्रेटर म्हणजे पंच नेमताना अडलं तर कुठल्या न्यायालयाकडे जायचं, त्यांचा निवाडा रद्द करून घ्यायचा तर कुठे, हे सीटवरून ठरतं. सीट कुठली यावरच दोन देशांच्या न्यायालयांत चौदा महिने गेले, आणि मूळ वादाला तोवर कोणी हातही लावला नव्हता. चूक माझी होती आणि पैसे पक्षकाराचे गेले. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरण शेवटापासून मागे वाचते. समज, आपण जिंकलो. मग पैसे वसूल कुठून होणार? समोरच्याची खाती, जहाजं, कारखाने कुठल्या देशात आहेत? तो देश 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे लवादाचे परदेशी निवाडे मान्य करण्याच्या करारात, आहे का? आज 170 हून अधिक देश त्यात आहेत, म्हणूनच एका देशातला निवाडा दुसऱ्या देशात बजावता येतो. न्यायालयाच्या हुकूमनाम्याला परदेशात इतकी सहज वाट मिळत नाही. बजावणी नाकारण्याची कारणं या कन्व्हेन्शनच्या पाचव्या अनुच्छेदात मोजून सात आहेत. पाच समोरच्या पक्षाने सिद्ध करायची, दोन न्यायालय आपणहून पाहू शकतं. निवाडा चुकला, हे कारण त्यात कुठेही नाही. आर्बिट्रेटरांच्या मंडळाने कराराचा अर्थ चुकीचा लावला तरी निवाडा सहसा टिकतो. नोटीस नीट पोचली नाही, बाजू मांडायला मिळाली नाही, मंडळ ठरल्याप्रमाणे नेमलं गेलं नाही, असल्या गोष्टींवर मात्र तो पडू शकतो. म्हणून नोटीस पाठवल्याची पोचपावती तुझ्या उत्तम युक्तिवादाइतकीच जपून ठेव. हा अनुच्छेद पाठच कर.

आणि करारावर सही कोणाची आहे, ते दोनदा बघ. दल्लाह या कंपनीने मक्केतल्या हज यात्रेकरूंच्या निवासासाठी 1996 मध्ये पाकिस्तान सरकारने उभ्या केलेल्या एका ट्रस्टशी करार केला. त्याच वर्षी तो ट्रस्ट संपुष्टात आला. पॅरिसमध्ये बसलेल्या मंडळाने सरकारलाच करारातला पक्ष मानलं आणि सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरचा निवाडा दिला. 2010 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रेंच कायदा लावून म्हटलं, सरकार पक्ष नव्हतं, बजावणी होणार नाही. काही महिन्यांनी, 2011 च्या फेब्रुवारीत, पॅरिसच्या अपील न्यायालयाने तोच निवाडा रद्द करायला नकार दिला. निवाडा एक, लावलेला कायदा फ्रान्सचाच, आणि उत्तरं दोन. कराराच्या दिवशी सरकारची सही किंवा हमी मागितली असती तर हा प्रश्नच उरला नसता.

कलमाची व्याप्ती मोकळी ठेव. 'या करारातून किंवा या कराराच्या संदर्भात उद्भवणारे सर्व वाद' एवढं पुरतं. लवाद चालवणाऱ्या संस्थेचं नाव तिच्या नियमावलीत जसं आहे तसंच लिही. आर्बिट्रेटर किती, भाषा कुठली, तेही लिही आणि थांब. कलम जितकं नटवशील तितक्या फटी पडतील.

आर्बिट्रेटर निवडताना 'आपल्या बाजूचा' माणूस शोधायचा मोह होईल. मी तरुणपणी हेच करायचे. मंडळ तिघांचं असेल तर उघडउघड एका बाजूला झुकणाऱ्याचं म्हणणं बाकीचे दोघे मनावर घेत नाहीत. कागदपत्रं खरोखर वाचणारा आणि ज्याचं मंडळाचे अध्यक्ष शांतपणे ऐकून घेतील असा माणूस शोध.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नव्हती, तरी लिहिते. नायजेरिया आणि पी अँड आयडी ही कंपनी यांच्यातला वाद जरूर वाच. वायूप्रकल्पाचा 2010 चा करार, 2017 मध्ये कंपनीच्या बाजूने 660 कोटी डॉलरचा निवाडा, व्याज धरून पुढे 1100 कोटींच्या वर. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या न्यायालयात न्या. नोल्स यांनी ठरवलं की तो फसवणुकीने मिळवलेला होता. खोटी साक्ष होती, लाच होती, आणि नायजेरियाच्या स्वतःच्या वकिलांचे गोपनीय कागद लवाद चालू असताना कंपनीकडे पोचत होते. ते कागद वकिलांच्या डोळ्यांखालून गेले, आणि हे चुकतंय असं कोणी म्हटलं नाही. लवाद बंद खोलीत चालतो. तिथे प्रेक्षक नाहीत, वार्ताहर नाहीत, त्यामुळे खोलीतल्या प्रत्येक वकिलावर जास्त भार असतो. विरोधी बाजूचा असा कागद कधी तुझ्या टेबलावर आला, तर पुढचं पान उलटू नकोस. त्याच दिवशी वरिष्ठांना सांग. त्यांनी दुर्लक्ष केलं तर मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

मसुदा पाठवशील तेव्हा पक्षकारांची नावं काढून टाक. समोरच्याची मालमत्ता कुठल्या देशांत आहे, तेवढं मात्र वरती लिही. मी तिथूनच वाचायला घेईन.

तुझी,
हितचिंतक