किटवर भरवसा किती?

प्रश्न : मी किनवट तालुक्यातल्या तांड्यावर आशा आहे. तापाच्या पेशंटचं मलेरिया किट निगेटिव्ह आलं, पण काचपट्टीत (काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली करतात ती तपासणी) जंतू सापडले. किटवर भरवसा ठेवावा का?

उत्तर : ताई, आधी सांगा, किट ठेवता कुठे? डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ३० किंवा ४० अंश. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती सकाळीच ओलांडते. किटवरची ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ उमटली म्हणजे द्रव पुढे सरकला, एवढंच, उन्हानं किट खराब झालं नाही, असं ती सांगत नाही. शिवाय रक्ताच्या एका मायक्रोलिटरला (लिटरचा दहा लाखावा भाग) २०० पेक्षा कमी जंतू असले तर चांगलं किटही चुकू शकतं. ताप टिकला की काचपट्टी पाठवाच. उलट उपचारानंतर फाल्सिपेरमची (मलेरियाचा एक घातक प्रकार) रेघ काही आठवडे दिसत राहते. तेवढ्यावरून पुन्हा गोळ्या नकोत.