फ्लेक्सवर तुटणारी शिरोरेषा

बेळगाव

सप्रेम आशीर्वाद.

ग्राफिक डिझाइनचा इतिहास कुठून वाचायला घेऊ, असं तू विचारलंस. बहुतेक पुस्तकं गुटेनबर्गपासून निघून 1919 च्या बाउहाउस या जर्मन डिझाइन-शाळेपर्यंत पोचतात. तीही वाच. पण खडेबाजारच्या पाट्या आणि मराठी-कन्नड लग्नपत्रिका करणाऱ्याने सुरुवात आपल्या अक्षरांपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. अक्षराला वळण कुठल्या हत्याराने दिलं हे कळलं, की काय बदलता येतं आणि काय नाही, ते आपोआप उमगतं.

पहिलं हत्यार बोरू. त्याचं टोक इंग्रजी कटनिबच्या उलट्या बाजूला तिरकं कापतात, म्हणून ‘ठ’चा गोल उजव्या खांद्याशी बारीक होतो आणि डाव्या खांद्याशी भरतो. 4 मिमी रुंदीचं टोक घे आणि शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंत 20 मिमी उंची धर. लिहिताना मनगट फिरलं तर कोन बदलतो आणि जाडी भलतीकडेच जाते. ठ, व, क, र एवढी चारच अक्षरं घोटत राहा.

त्यानंतर शिळाछाप. 1796 च्या सुमारास झेनेफेल्डरने ती बव्हेरियात शोधली. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने उलटं लिहायचं, वर डिंकात थोडं नायट्रिक आम्ल घालून फिरवायचं आणि शिळा ओली ठेवून शाईचा रूळ चालवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेषेवर बसते. शिळा सुकली की कोऱ्या भागावरही शाई चढते. खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे सुटे अक्षरठसे, न पाडता हाताचं अक्षर छापता आलं, याचा आपल्या लिप्यांना मोठा आधार झाला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग शिळेवर छापलं. 1843 मध्ये निघालेलं कन्नडचं पहिलं वृत्तपत्र, ‘मंगळूर समाचार’, तेही शिळाछापच होतं. रंगीत छपाईत दर रंगाला वेगळी शिळा लागे. आजच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जुळणीच्या खुणा लावतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

खिळ्यांकडे मात्र नीट लक्ष दे. मुंबईच्या पद्धतीत अक्षराच्या डोक्याशी खाच ठेवून मात्रा आणि रफार वेगळ्या खिळ्याने वर बसवत. अशा खिळ्याचं अधांतरी टोक पटकन मोडे. शिवाय दर खिळा शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येई, त्यामुळे खिळा झिजला किंवा ओळ सैल बसली की रेषेत फट पडे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची छपाई भिंगाखाली धरून बघ, ही फट झाकायला किती मेहनत घेतली आहे ते दिसेल. आणि आज कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवून आपणच ती फट पुन्हा पाडतो! ते अंतर शून्य ठेव. शब्द रुंद हवा असेल तर रुंद घडणीचा फॉन्ट घे. विनाइल कटिंगला फाइल देण्याआधी कर्व्ह करून (अक्षरांच्या बाह्यरेषा करून) वेल्ड करायला (त्या एकत्र जोडायला) विसरू नकोस, नाहीतर पाती प्रत्येक जोडावर शिरोरेषा कापते.

आता दोन लिप्यांचं. देवनागरी शिरोरेषेला लटकते, कन्नड तळरेषेवर बसते आणि तिची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहिली जाणारी व्यंजनं, खाली उतरतात. एका ओळीत लावताना कन्नडची तळरेषा आणि देवनागरी कान्याचा पाय जुळव. पॉइंटचा आकडा सारखा ठेवून चालत नाही, उंची डोळ्यानेच ठरव. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेव, नाहीतर वरची ओत्तक्षरं खालच्या वेलांट्यांत अडकतात.

कर्नाटकात फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला देण्याचा नियम 2024 पासून कायद्यातच आहे. उरलेल्या जागेत मराठी कोंबायला अक्षर बाजूंनी दाबू नकोस. काने बारीक आणि शिरोरेषा जाड दिसते. मुळातच अरुंद घडवलेला फॉन्ट वापर किंवा मजकूर कमी कर. 10 फुटांवरून वाचायला 1 इंच उंची हा साधा हिशेब आहे. रस्त्यापलीकडून, म्हणजे 60 फुटांवरून, 6 इंच. ही उंची मात्रा-उकार सोडून मोजायची.

नवा फॉन्ट घेतलास की आधी ‘दऱ्याखोऱ्यांतला वारा’ टाइप करून बघ, ‘ऱ्या’ मोडला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का, तेही तपास. पुढच्या वेळी पीडीएफ नको, खऱ्या मापाचा एक तुकडा छापून पाठव.

तुझा हितचिंतक